एस-क्लासचा दरवाजा पहिल्या खटक्यावर अडकला, तर लगेच पंप बदलू नका

मर्सिडीजची डब्ल्यू १४०, म्हणजे १९९१ ते १९९८ या काळात निघालेली एस-क्लास, ज्यांच्या घरी आहे त्यांच्या कानात एक आवाज बसलेला असतो. दरवाजा आदळायचा नाही, नुसता ढकलायचा. पहिला खटका बसतो, मागून कुठून तरी दबकी घुर्र ऐकू येते आणि उरलेली फट दरवाजा स्वतःच ओढून मिटवतो. मग एके दिवशी घुर्र लांबत जाते, कंटाळून थांबते आणि दरवाजा पहिल्या खटक्यावरच राहतो. काही आठवड्यांनी सेंट्रल लॉकिंगही रुसतं. चार दरवाज्यांपैकी तीन लागतात, चौथ्याची खुंटी वरच.

गॅरेजमध्ये गेलात की नव्वद टक्के उत्तर ठरलेलं: पंप गेला. जुना काढतात, परदेशातल्या भंगारातून आणलेला दुसरा बसवतात, चार-सहा महिने बरे जातात आणि तोच आवाज परत सुरू होतो. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत असे दोन पंप बदलून झाले होते. खरी गळती निघाली ड्रायव्हरच्या मागच्या दरवाज्यातल्या, करंगळीएवढ्याही नसलेल्या, नळी जोडणाऱ्या रबरी कोपऱ्यात. हा पंप सहसा म्हातारपणाने मरत नाही. कुठेतरी हवा गळत असते आणि ती भरून काढता काढता तो दमतो. म्हणून आधी गळती शोधायची आणि पंपाला हात सगळ्यात शेवटी लावायचा. खालची सगळी कृती याच क्रमाने दिली आहे.

हवा कुठे कुठे जाते

कुलपं हवेवर चालवायची मर्सिडीजची पद्धत जुनी. डब्ल्यू १२३ या जुन्या मॉडेलच्या काळात त्यासाठी लागणारी हवेची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, थेट इंजिनाकडून घेतलेली असे. पुढे त्यासाठी वेगळा विजेवरचा पंप आला. तो एका दिशेने फिरला की हवा ढकलतो, उलटा फिरला की ओढतो. एकाने कुलूप उघडतं, दुसऱ्याने लागतं. दरवाज्याच्या आत एक छोटा डबा असतो, त्यात रबराचा पडदा आणि पडद्याला जोडलेली दांडी. हवेने पडदा हलतो, दांडी हलते, खुंटी वर-खाली होते. मोटर नाही, गिअर नाही, त्यामुळे आवाजही नाही. ही रचना मला आजही सुंदर वाटते.

डब्ल्यू १४०मध्ये याच पंपावर कामं वाढली. गॅरेजमध्ये त्याला नुसतं पीएसई म्हणतात. कुलपं त्याच्याकडे, पेट्रोलच्या टाकीचं झाकण त्याच्याकडे, दरवाजे आणि डिकी मिटवणं त्याच्याकडे. डिकीचं झाकण उघडल्यावर बाहेर येणारी मूठही हवेवरच. सुरुवातीच्या गाड्यांत रिव्हर्स टाकला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या दांड्या असत, गाडी कुठे संपते ते दिसावं म्हणून. १९९५मध्ये पार्कट्रॉनिक, म्हणजे अडथळा ओळखणारे सेन्सर, आल्यावर त्या गेल्या, पण तुमची गाडी त्याआधीची असेल तर हवेच्या वाटा त्यांच्याकडेही जातात. काही गाड्यांच्या सीटमध्ये फुगणाऱ्या पिशव्या असतात. यापैकी कुठेही भोक पडलं, तरी बोल लागतो पंपाला.

महाराष्ट्रात ही माहिती आणखी एका गाडीला लागू पडते. मर्सिडीजने १९९४मध्ये भारतात कंपनी काढली आणि १९९५मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात डब्ल्यू १२४, म्हणजे त्या वेळची ई-क्लास, जुळवायला सुरुवात केली. त्या गाड्या आजही पुण्या-मुंबईत जिवापाड सांभाळलेल्या दिसतात. त्यांत आपोआप मिटणारा दरवाजा नाही, पण कुलपं याच तऱ्हेच्या पंपावर आहेत. गळती शोधायची रीत तीच.

पहिली पायरी: नुसतं ऐका

हत्यार उचलायच्या आधी बॅटरी तपासा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. बॅटरी मरगळलेली असेल तर पंप हळू फिरतो आणि नसलेले दोष दिसू लागतात. मग गाडी शांत जागी घ्या, पहाटेची वेळ उत्तम. एकाला डिकीपाशी उभं करा आणि तुम्ही किल्लीने कुलूप लावा, उघडा, पुन्हा लावा.

निरोगी पंप दोन-तीन सेकंद बोलतो आणि गप्प होतो. दाब पुरेसा झाला हे त्याला कळतं आणि तो स्वतःला बंद करतो. तो पंधरा-वीस सेकंद, कधी अर्धा मिनिट घुरघुरत राहिला आणि मग थांबला, तर गळती आहे. तो दाबाची वाट बघत होता, दाब आला नाही, शेवटी आतल्या घड्याळाने त्याला थांबवलं. लावताना वेळेत थांबतो आणि उघडताना लांबतो, किंवा याच्या उलट, असंही होतं. ते लिहून ठेवा. फाटलेला पडदा कधीकधी एकाच बाजूने गळतो, दुसऱ्या बाजूने हवा त्याला स्वतःच दाबून बंद करते.

आवाज वेळेत थांबतो पण एकच दरवाजा काम करत नाही, तर पंप आणि गळती दोन्ही सोडा. त्या दरवाज्यातली नळी कुठेतरी मुडपली असेल, दांडी सुटली असेल किंवा खटक्यातला छोटा स्विच मेला असेल. दरवाजा पहिल्या खटक्यावर आला हे पंपाला हा स्विच सांगतो. तो गेला की निरोपच पोचत नाही, मग पंप चालणार कसा?

आवाजच नाही, एकाही दरवाज्याला नाही, तर फ्यूज आणि वीज बघा. आणि आवाज खरखरीत, खडखडणारा, पूर्वीपेक्षा वेगळा असेल, तर पंपाच्या आतल्या पात्यांवर संशय घ्यायला जागा आहे. तरीही क्रम मोडू नका.

आपोआप मिटणं तपासायला एक सोपी युक्ती आहे. दरवाजा सताड उघडा ठेवा आणि त्याच्या कडेच्या खटक्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून खटका पहिल्या घरापर्यंत फिरवा. पंप चालू होऊन खटका पुढे ओढला गेला पाहिजे. इथे बोट घालायचं नाही, कधीही नाही. मधे काय आलंय हे त्या यंत्रणेला कळत नाही. घरात लहान मुलं असतील तर त्यांना लांब ठेवा. आणि तपासून झालं की हँडल ओढून खटका परत मोकळा करा, मगच दरवाजा लोटा. बंद खटक्यावर दरवाजा आपटला तर कुलूपच वाकतं.

काय काय लागेल

खर्च फारसा नाही. गेज असलेला हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप हवा, ओढणारा आणि ढकलणारा असा दोन्हीचा असेल तर उत्तम. तो मिळेपर्यंत औषधाच्या दुकानातली ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज आणि मऊ नळीचा तुकडा यांवरही बरंच कळतं. दट्ट्या ओढून धरा, नळी घट्ट असेल तर सोडल्यावर तो मागे जातो, गळकी असेल तर आहे तिथेच राहतो. नळ्यांची तोंडं बुजवायला छोटे रबरी बूच लागतील. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक रबरी नळी घेऊन एक टोक घट्ट बांधलं तरी चांगलं बूच होतं. शिवाय दरवाज्याचं पॅनल उचकटायला प्लास्टिकची पट्टी, मल्टिमीटर, केस वाळवायचं ड्रायर, चिकटपट्टी आणि मार्कर. आणि फोनचा कॅमेरा, तो विसरू नका.

पंप बाहेर काढणं

पंप काळ्या फोमच्या जाड पेटीत झोपवलेला असतो, आवाज दबावा म्हणून. मॉडेलप्रमाणे ही पेटी डिकीत किंवा मागच्या सीटखाली असते. डब्ल्यू १२४ सेदानमध्ये सीटखाली बघा. जागा सापडत नसेल तर कुणाला तरी कुलूप लावायला सांगा आणि कान लावा, आवाजच दाखवून देतो.

पेटीला हात लावल्यावर पहिली गोष्ट: फोम दाबून बघा. ओला आहे? मग गोष्टीचा अर्धा भाग तिथेच कळला. डिकीच्या झाकणाचं रबर, मागच्या दिव्यांच्या गॅस्केट, अँटेनाचं बूड, मागच्या काचेची कड, या वाटांनी पाणी येतं, खोलगट जागी साचतं आणि फोम ते स्पंजसारखं धरून ठेवतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हे व्हायला वेळ लागत नाही. पाण्याची वाट बंद न करता पंप दुरुस्त करणं म्हणजे पुढच्या आषाढाची सोय. डिकीत एकाला टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून नळीने पाणी सोडा, सापडेल.

आता नळ्या. प्रत्येकीवर रंगाचा पट्टा असतो आणि प्रत्येकीचं भोक ठरलेलं. एकही नळी ओढण्यापूर्वी तीन बाजूंनी फोटो काढा आणि चिकटपट्टीवर आकडे लिहून चिकटवा. काम संपवताना रंग मळलेले असतात, उजेड कमी झालेला असतो आणि आठवण दगा देते. नळ्या कडक प्लास्टिकच्या, जोड रबराचे. तीस वर्षांत रबर लाकडासारखं होतं. ड्रायरने थोडं कोमट करा, मग पिळत पिळत काढा. सरळ हिसका दिला की नळी तोंडाशी चिरते.

पंप दोषी की निर्दोष

सगळ्या नळ्या काढल्या की पंपाची सगळी तोंडं बुजवा, विजेचा जोड तसाच ठेवा आणि किल्लीने कुलूप फिरवा. पंप एक-दोन सेकंदांत थांबला तर त्याच्यात दाब तयार करण्याची ताकद आहे आणि तो कळण्याची अक्कलही. गळती बाहेर आहे. सगळं बुजवूनही तो घुरघुरत राहिला, तर दोष पंपातच.

मी पाहिलेल्या बहुतेक गाड्यांत पंप इथे निर्दोष सुटतो. ज्याने नुकतीच पंपाची किंमत विचारून ठेवली आहे, त्याचा चेहरा या क्षणी बघण्यासारखा असतो.

पुढे एकेक नळी जोडत जा. पहिली जोडली, कुलूप फिरवलं, वेळ मोजली. ठीक. दुसरी जोडली, ठीक. तिसरीला पंप लांबला, सापडली. पण तिथे थांबू नका, ती बुजवून उरलेल्याही तपासा. जुन्या गाडीत गळती एकटी क्वचितच असते.

मग त्या संशयित नळीला हातपंप लावा. मी गेजवर ४०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ओढ देतो आणि मिनिटभर काट्याकडे बघतो. काटा जागचा हलला नाही तर नळी साफ. हळूहळू सरकला तर कुठेतरी पडदा विरलेला किंवा जोड सैल. काटा चढतच नसेल तर नळी तुटलेली किंवा सुटलेली. यानंतर हलका दाब देऊन उलट दिशेनेही तपासा.

इथे तुम्हाला घाई नसेल तर एक सोय आहे. गळणारी नळी पंपापाशी बुजवून टाका. तो दरवाजा हाताने नीट लोटून लावावा लागेल, त्याची खुंटी हाताने दाबावी लागेल, पण बाकीची गाडी आजच्या आज बरी होते आणि पंपावरचा ताण जातो. सुटा भाग यायला महिना लागणार असेल तर तोवर असंच चालवा.

दरवाज्याच्या आत

गळती कुठल्या दरवाज्यात आहे हे कळलं की पॅनल उघडण्याआधी दरवाजा आणि खांब यांच्यामधला रबरी भाता बघा, ज्यातून वायरी आणि नळ्या दरवाज्यात जातात. दरवाजा जितक्या वेळा उघडला तितक्या वेळा त्या नळ्या तिथे वाकल्या आहेत. रोज दहादा धरलं तरी तीस वर्षांत लाखभर वेळा होतं. मी आधी भाता सरकवतो, मगच पॅनलचा विचार करतो. चीर तिथे सापडली तर खराब तुकडा कापून तेवढ्याच मापाची नळी रबरी जोडाने बसवा. डिंक किंवा सिलिकॉन चोपडून भागवू नका. वाकत्या जागी ते टिकत नाही.

भाता निर्दोष निघाला तर पॅनल काढायचं. त्याआधी बॅटरीचा ऋण जोड काढून थोडा वेळ थांबा. नंतरच्या वर्षांच्या डब्ल्यू १४०मध्ये पुढच्या दरवाज्यांत साइड एअरबॅग आहे आणि तिच्याशी खेळ नको. नवख्याने एअरबॅगवालं पॅनल जाणकाराला बरोबर घेऊनच उघडावं. स्क्रू हँडलच्या मागे, दिव्याच्या काचेखाली दडलेले असतात. ते काढल्यावर खालच्या कडेने क्लिप सोडवत पॅनल वर उचलायचं. थंडीच्या दिवसांत क्लिप पटापट तुटतात, दहा-बारा जास्तीच्या आणून ठेवा.

आत पाणी अडवणारा पडदा चिकटवलेला असेल. तो फाडू नका. ड्रायरने डिंक मऊ करून सोडवा आणि नंतर जसाच्या तसा चिकटवा. तो नीट बसला नाही तर काचेवरून उतरलेलं पाणी थेट गालिच्यात येतं आणि तुम्ही एक दुखणं बरं करून दुसरं घरी आणता.

आता हातपंप थेट कुलपाच्या डब्याला लावा. काटा घसरला तर पडदा फाटलाय, डबा बदलायचा. तो उघडून पडदा शिवणं, रबराचं ठिगळ लावणं हे प्रयोग मी केले आहेत. एकही वर्षभर टिकला नाही. काटा स्थिर राहिला तर गुन्हेगार जोड, तो रबरी कोपरा. त्याची किंमत चहाच्या दोन कपांएवढी आणि त्याच्यापायी लोकांनी अख्खे पंप बदलले आहेत. कोपरा बोटांनी वाकवून उजेडात धरा, बारीक तडे दिसतात. एक गेला असेल तर त्या दरवाज्यातले सगळेच बदला, सगळ्यांचं वय सारखंच आहे.

दरवाजा मिटवणारा भाग कुलपाजवळ वेगळा असतो, त्याला वेगळी नळी. तो तपासताना दांड्या सुटल्या नाहीत ना, खटक्याच्या फिरत्या भागावर जुनं ग्रीस खडी होऊन बसलं नाही ना, हेही बघा. हवा पुरेशी येत असूनही कुलूप जड झाल्यामुळे दरवाजा न मिटणं मी अनेकदा पाहिलं आहे. केरोसीनने धुऊन, पुसून, पातळ थर ताजं ग्रीस लावलं की काही गाड्या तिथेच हसू लागतात.

दरवाज्यांखेरीज दोन जागा नवखे विसरतात. एक टाकीच्या झाकणाचं कुलूप, डिकीच्या अस्तरामागे लपलेलं. दुसरी सीटच्या हवेच्या पिशव्या. पाठीच्या आधाराची पिशवी संध्याकाळी फुगवली आणि सकाळी सपाट झाली, तर हातपंपाशिवायच निदान झालं.

पंपच दोषी निघाला तर

बुजवलेल्या तोंडांनीही पंप थांबत नसेल किंवा मुळात बोलतच नसेल, तेव्हा त्याला टेबलावर घ्या. आधी जोडापाशी मल्टिमीटर लावून वीज आणि अर्थिंग दोन्ही येतात का बघा. फ्यूज नवा टाकल्याबरोबर उडत असेल तर मोटर जाम आहे किंवा आत पाण्याने शॉर्टसर्किट झालं आहे.

उघडताना झाकण आणि बूड यांवर मार्करने एकच रेघ ओढा, म्हणजे परत तसंच बसेल. एका बाजूला सर्किट बोर्ड दिसेल. हिरवट-पांढरी बुरशी म्हणजे पाण्याची खूण. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश घेऊन हळुवार साफ करा, पूर्ण वाळू द्या, मग भिंगातून सोल्डरचे जोड बघा. रिलेच्या पायांभोवती गोल तडा दिसला तर ताज्या सोल्डरने भरून घ्या. मोबाइल दुरुस्त करणारा कुणीही कसबी माणूस हे काम दहा मिनिटांत करून देईल.

दुसऱ्या बाजूला खरा पंप: खाचा असलेलं चाक आणि खाचांत मोकळी सरकणारी कार्बनची पाती. चाक फिरलं की पाती बाहेर फेकली जाऊन भिंतीला टेकतात आणि हवा ढकलतात. पाती खडूसारखी ठिसूळ असतात. एक तुटली की तिचे तुकडे बाकीच्यांना खातात. प्रत्येक पातं खाचेत स्वतःच्या वजनाने सरकतं का बघा. अडत असेल तर खाच कोरड्या ब्रशने साफ करा. तुटलं असेल तर सगळा संच बदला, एकच नवं घालू नका, उंची जुळत नाही.

आणि इथे तेल घालायचं नाही. एक थेंबही नाही. हा पंप कोरडा चालायलाच बनवला आहे. तेल आणि कार्बनची पूड मिळून काळा लगदा होतो, पाती खाचांत चिकटतात आणि दोन दिवस सुरेल चाललेला पंप तिसऱ्या दिवशी कायमचा बसतो. चांगल्या मनाने घातलेल्या तेलाने मेलेले पंप मी पाहिले आहेत.

दुसरा पंप घ्यायची वेळ आलीच, तर जुन्यावरचा भाग क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवा. दिसायला सारखे दोन पंप आतून वेगळे असतात. एकात दरवाजा मिटवायची सोय, दुसऱ्यात नाही. एकाला सीटची तोंडं, दुसऱ्याला नाहीत. वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्याकडून फोमच्या पेटीचाही फोटो मागवा. पेटीवर पाण्याचे डाग दिसले तर तो पंप सोडून द्या.

परत बसवताना

ओली फोमची पेटी उन्हात दोन-तीन दिवस उलटसुलट करून वाळवा. वरून कोरडी लागली तरी आत पाणी असतं, म्हणून सुती फडक्यात धरून दाबून बघा. हीट गन नको, फोम वितळतो. नळ्या फोटो बघून आकड्यांप्रमाणे लावा, प्रत्येक लावल्यावर हलकेच ओढून घट्ट आहे का बघा. पेटीचं झाकण लावायच्या आधीच कुलूप पाच-सहा वेळा फिरवा, चारही दरवाजे आणि डिकी एकेक करून पहिल्या खटक्यावर आणून सोडा. हे करताना किल्ली खिशात ठेवा, गाडीत नाही.

पंप किती सेकंद चालला ते कागदावर लिहा, लावताना किती, उघडताना किती, आणि तो कागद गाडीच्या पुस्तकात घडी करून ठेवा. दर पावसाळ्याआधी एकदा तसंच मोजून बघा. तीन सेकंदांचे सहा झाले की नवी गळती सुरू झाली. तेव्हा ती एखाद्या रबरी कोपऱ्याएवढीच असते.